जुन्या मशीनवर नवी सिस्टीम

"चालणार नाही असं ते मशीनच म्हणतंय काका. मी नाही म्हणत," श्रीशैल म्हणाला आणि त्यानं स्क्रीन महिपतीकडं वळवली.

महिपतीनं चष्मा सरकवून वाचलं. नवी सिस्टीम या कॉम्प्युटरवर बसत नाही, एवढंच त्यात गोडीगुलाबीनं लिहिलं होतं.

"बसत न्हाय म्हंजे? बसवायची की!"

नव्या पेठेतल्या त्या दुकानात महिपती तीस वर्षं लग्नपत्रिका करत होता. हे मशीन बारा वर्षांचं. पत्रिकेची सगळी अक्षरं, वेली, गणपती त्याच्यातच. ती अक्षरं विकणारे लोक धंदा गुंडाळून केव्हाच गेलेले, त्यामुळं दुसऱ्या मशीनवर ती चढणार नव्हती. इकडं छापखान्यानं कळवलेलं, की तुळशीच्या लग्नानंतर फाइली फक्त आमच्या नव्या प्रोग्राममधून घेऊ. तो प्रोग्राम जुन्या सिस्टीमवर उघडत नव्हता. म्हणजे मशीन बदलायची सोय नाही आणि आहे तसं ठेवायचीही नाही.

त्यात अमृतला दिलेला शब्द. पोरगा पुण्यात. गणपतीत घरी आला तेव्हा त्यानं बापाकडून कबूल करून घेतलं होतं, हे मशीन थांबलं की दुकान बंद आणि दोघांनी पुण्याला राहायला यायचं. महिपती तेव्हा तोऱ्यात हो म्हणाला. आता मात्र त्याला खरंच भीती वाटत होती. अमृतच्या सातव्या मजल्यावरच्या घरात बसून माणसानं करायचं काय? ओळखीचं कुत्रंसुद्धा भेटायचं नाही. त्याला खरंच भीती वाटत होती. "आन् आमच्या हिला तर तितं अजिबात करमायचं न्हाय," हे तो दुकानात येईल त्याला ऐकवायचा.

त्याची बायको गोजरबाई मागच्या बाजूला पत्रिकांना घड्या घालत बसलेली असायची. घड्या घालायच्या आणि प्रूफ वाचायचं, तीस वर्षं तिचं हेच काम. निमंत्रकांच्या यादीत थोरल्या चुलत्याचं नाव धाकट्याच्या खाली गेलं तर मांडवात भांडण पेटतं. अशी चूक तिच्या नजरेतून सुटत नसे.

"श्रीशैल, काय बी कर, पण हे चालू करून दे बाबा," ती म्हणाली. "दुकान गेलं तर ह्यांचं काय खरं न्हाय."

महिपतीला भरून आलं. "बघ, काकूचं काळीज बघ!"

श्रीशैल चाळिशीचा. अक्कलकोट रोडला एमआयडीसीतल्या टॉवेलवाल्यांचे कॉम्प्युटर तोच सांभाळायचा. तो डोकं खाजवत म्हणाला, "नवी सिस्टीम आधी मशीन तपासते, ती तपासणी चुकवून आत शिरायची एक वाट आहे. पण पुढं काय झालं तर कंपनी हात वर करणार. आधी सगळ्याची कॉपी काढून ठेवतो."

दुसऱ्या दिवशी तो नवी डिस्क आणि एक पेनड्राइव्ह घेऊन आला. तपासणी चुकली, आकडे चढायला लागले आणि एकाहत्तर टक्क्यांवर गाडी अडली. मशीन बंद झालं, पुन्हा चालू झालं आणि जुनीच सिस्टीम दाखवत बसलं. संध्याकाळी परत तेच.

"नुसतं त्या आकड्यांकडं काय बघताय?" गोजरबाईनं मोडनिंबच्या पार्टीचं प्रूफ नवऱ्यापुढं ठेवलं. "हे वाचा."

"तू हाईस की वाचायला."

"माझ्या डोळ्यांवर किती दिस काढणार? वाचा."

महिपतीनं दोन चुका काढल्या. तिनं तिसरी दाखवली आणि कागद पुन्हा त्याच्याच हातात दिला.

घरी गेल्यावर ती शेंगाचटणी कुटत बसली. दोन मोठ्या बरण्या भरल्या. ते बघून महिपतीचं टाळकंच सरकलं. "एवढी कुणाला? पुण्याला जायचंच धरून चाललीस व्हय?"

"ऱ्हाते की लई दिस. नासत न्हाय," ती म्हणाली आणि मुसळ पुसून ठेवलं.

तिसऱ्या दिवशी श्रीशैलनंही आशा सोडली होती. "काका, आता एकदाच लावून बघू. नाही झालं तर अमृतला फोन करा."

महिपती खुर्ची ओढून स्क्रीनसमोर बसला. गोजरबाई फडकं घेऊन मशीनची मागची बाजू पुसत होती.

"मागं हे काय खोचलंय?"

ती त्या अक्षरांच्या प्रोग्रामची किल्ली होती, पेनड्राइव्हसारखी, अंगठ्याएवढी. ती खोचलेली असल्याशिवाय अक्षरं उघडायची नाहीत, म्हणून बारा वर्षांत ती कुणी काढलीच नव्हती. श्रीशैलनं कपाळावर हात मारला. "अरे देवा! काकू, हीच अडवत असणार. काढायची राहिलीच की!"

किल्ली काढून सिस्टीम पुन्हा चढवायला घेतली. एकाहत्तर आले. महिपतीनं डोळे मिटले. गोजरबाई हात जोडून उभी होती, तिच्या तोंडचं पाणी पळालेलं. बहात्तर. पंचाहत्तर. मग आकडे भराभर पळाले. तासाभरानं नवी सिस्टीम समोर होती. किल्ली परत खोचली तशी अक्षरं उघडली, छापखान्याचा प्रोग्रामही उघडला.

"आरं, बसली की!" महिपती ओरडला आणि श्रीशैलसमोरच त्यानं बायकोचा हात धरला. तिनं तो सोडवून घेतला नाही. तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

"श्रीशैल, आता ह्यांना व्हिडिओ कॉल शिकव," थोड्या वेळानं ती म्हणाली. "तू लावून देऊ नको. त्यांचा त्यांना लावता आला पायजे."

ती शेजारच्या हॉटेलात चहा सांगायला गेली. तिसऱ्या खेपेला महिपतीला कॉल जमला आणि अमृतचा चेहरा स्क्रीनवर आला.

"अमृत, आमी काय येत न्हाय बघ!" महिपतीचा आवाज रस्त्यापर्यंत गेला. "मशीन पळतंय नुसतं. तुझी आई बी लई खूश हाय!"

"झालं का? सुटलो बाबा," अमृत म्हणाला. "तिच्या मागं तुमचं कसं होणार, याचाच आईला घोर होता. तिचं मंगळवारच्या हुतात्मा एक्स्प्रेसचं पुण्याचं तिकीट मी गेल्या महिन्यातच काढलंय, एकटीचं. परतीचं नको म्हणाली."