टाचेचे ओरखडे

ज्योतिष्यानं हात बघावा तसा तो पेंटर गाडी बघतो. माझ्या मोटरसायकलीभोवती एक फेरी मारून म्हणाला, "टाकीवरचा हा ओरखडा जॅकेटच्या चेनचा. हँडलखालचे हे किल्ल्यांच्या जुडग्याचे. आणि मागच्या सीटखाली हे बारीक बारीक आहेत ना, ते सँडलच्या टाचेचे. सगळे घालवतो, गाडी नवी कोरी दिसेल."

"टाचेचे तेवढे राहू द्या," मी म्हणालो.

तो मिश्कील हसला. "वहिनी भलत्याच धसमुसळ्या दिसतात!"

"काय सांगू दादा! शंभरदा बजावलं, बसताना पाय जरा उचलून टाक. ऐकेल तर शपथ!"

त्यानं हातातलं फडकं बाजूला ठेवलं, चहा मागवला, आणि पुढचा अर्धा तास आम्ही दोघांनी आपापल्या बायकांची गाऱ्हाणी गायली. निघताना तो म्हणाला, "पुढच्या वेळी वहिनींना घेऊन या."

"आणतो की," मी म्हणालो.

***

गाडी मी चार वर्षांपूर्वी जुनीच घेतली, त्या ओरखड्यांसकट. मागचं फूटरेस्ट अजून एकदाही उघडावं लागलेलं नाही.