पहिल्या उन्हाळ्याचा पाहुणचार

बूच काही निघत नव्हतं. मनिषनं आधी चाकूचं टोक घालून पाहिलं, मग दात लावले. बुचाचा भुगा चटईवर पडला, बाटली तशीच बंद.

"राहू द्या, जवाईबापू," कुंताबाई म्हणाली. "नाही निंगत तं नाही निंगत. सरगुंडे चिकटून राहिले, जेवून घ्या."

लग्नानंतरचा हा पहिलाच उन्हाळा. लेक गुड्डी आणि जवाई मनिष नाशिकहून आसगावला आले होते. कुंताबाईनं सकाळीच गावरान आंबे पिळून पातेलंभर रस काढला होता. महिनाभर काडीवर वळून वाळवलेले गव्हाचे सरगुंडे उकडून ताटांत वाढले होते, वर तूप सोडलं होतं. बाजूला कुरड्या आणि कच्च्या कांद्याची चटणी. बाटलीचं मात्र तिला काही ठाऊक नव्हतं. सकाळी फ्रिजमध्ये दिसली तेव्हा जवायानं सरबत आणलं असेल, असं तिला वाटलं होतं.

"आई, ही दारू नाही हो," मनिष हसत म्हणाला. "वाईन आहे. द्राक्षाची. आमच्याकडे लोक जेवणासोबत घेतात, बायकासुद्धा." त्यानं मोबाईल पुढे केला. द्राक्षमळ्यातलं हॉटेल, झाडाखाली मांडलेली टेबलं, आणि गुड्डीच्या हातात लालभडक ग्लास. "तिथं जेवतानाच ठरवलं होतं, एक बाबांसाठी न्यायची."

"मी नको म्हटलं होतं," गुड्डी म्हणाली, पण फोटो पाहून तिनं मोबाईल बाजूला सारला.

कुंताबाईचा नवरा श्रावण आतापर्यंत कूलरसमोर नुसता बसून होता. तो उठला. आतून एक लांब स्क्रू आणि पकड घेऊन आला. स्क्रू बुचात फिरवला, बाटली दोन गुडघ्यांत दाबली, पकडीनं एक हिसका दिला. बूच अख्खं बाहेर आलं. हात जरासुद्धा हलला नव्हता.

"वा, बाबा!" मनिषनं टाळी वाजवली.

कुंताबाईनं गुड्डीकडे पाहिलं. या माणसाला दोघींनी किती वेळा फाट्यावरच्या दारूच्या दुकानापासून सायकलवर आडवा टाकून घरी आणलं होतं. सातवीतली गुड्डी मागून त्याचे पाय धरून चालायची, रस्त्याला घासू नयेत म्हणून. त्या गोष्टीला नऊ वर्षं झाली. नऊ वर्षांत श्रावणनं थेंब घेतला नव्हता. लग्न जुळताना पाहुण्यांनी विचारलं, तेव्हा कुंताबाईच्या भावानं छाती ठोकून सांगितलं होतं, "आमच्या भाऊजीले सुपारीचंही व्यसन नाही." ते खोटं नव्हतं. फक्त आधीचं कोणी सांगितलं नव्हतं.

मनिषनं स्टीलच्या दोन पेल्यांत वाईन ओतली.

"बाबा नाही घेत," गुड्डी घाईनं म्हणाली.

"कधीच नाही?" मनिषनं विचारलं. त्याच्या आवाजात नुसतं कौतुक होतं. "खरंच, बाबा? कधीच नाही?"

कूलरचं पाणी टपटपत राहिलं.

श्रावणनं पेला उचलला. बाहेरून पेल्याला दव धरलं होतं. त्यानं तो नाकाजवळ नेला, थांबला, आणि कुंताबाईकडे पाहिलं. लहान पोरानं आईकडे पाहावं तसं. ती आत्ता नुसतं नको म्हणाली असती तरी त्यानं पेला खाली ठेवला असता. हे तिला कळलं.

पण समोर जवाई बसला होता.

"पोटाचा तरास आहे त्यायले," ती म्हणाली.

"ही पोटाला काहीच करत नाही, आई," मनिष म्हणाला. "घ्या बाबा, माझ्यासाठी."

"जवायाचं मन कायले मोडायचं?" श्रावण पुटपुटला आणि पेला एका दमात रिकामा केला.

"अहो, हळू! घोट घोट घ्यायची असते," मनिष खदखदून हसला. दुसरा पेला भरला. मग तिसरा.

श्रावण बोलायला लागला. तलावातल्या मासोळ्या, लग्नातली वरात, पोळ्याला उधळलेला बैल. तोंडभर सरगुंडे खाल्ले, रसाची वाटी तोंडाला लावून प्याला. मनिषच्या डोळ्यांत हसून पाणी आलं. गुड्डी एकेक सरगुंडा मोडत होती आणि ताटातच ठेवत होती.

बाटली संपली. श्रावणनं ती उजेडात धरून पाहिली. मग हात धुऊन खुंटीवरचा सदरा काढला.

"कुठं निंगाले?" कुंताबाईनं विचारलं.

"जवायाले जेवण झाल्यावर पान नाही लागत का? फाट्यावरून आणतो."

"बाबा, दुपारचा पानठेला बंद राहते," गुड्डी उठून उभी राहिली.

"उघडा राहते."

"मग थांबा, मी येते तुमच्यासंगं."

"एवढ्या उन्हात कायले? तू बस. जवाई एकटा जेवन का?"

गुड्डी ओढणी घेऊन अंगणात धावली तोवर मोटरसायकल गल्लीच्या तोंडाशी गेली होती. ती तिथंच, तापलेल्या फरशीवर, अनवाणी उभी राहिली.

"बाबा किती मोकळे झाले आज," आत मनिष म्हणत होता. "दोन दिवसांपासून हो-नाही इतकंच बोलत होते माझ्याशी. मला वाटलं, मी पसंतच नाही त्यांना. पुढच्या वेळी दोन आणतो, आई."

कुंताबाईनं श्रावणच्या अर्ध्या ताटावर दुसरं ताट उपडं घातलं.

"रस वाढू का अजून?" तिनं विचारलं.