सासऱ्यांवर तपासलेलं

पेपरात कॉम्प्युटरचं सदर लिहिणारी बाई प्रत्येक नवं सॉफ्टवेअर आधी सासऱ्यांपुढे ठेवायची. गाण्यांचं अ‍ॅप असेल, तर त्यांना हवं ते गाणं किती मिनिटांत लागलं आणि तोवर त्यांनी कितीदा चष्मा आपटला, एवढंच टिपून छापायची. अकरा वर्षं वाचक डोळे झाकून तिच्यावर विसंबले.

या आठवड्यात संपादकांनी तिला आयता लेख पाठवला. ‘नवं म्युझिक अ‍ॅप अगदी सोपं, ज्येष्ठही खूश!’

“बाई, आता सॉफ्टवेअरच लिहितं. तुम्ही फक्त नाव द्या.”

“लिहिलं ज्याने, नाव त्याचंच टाका ना.”

“त्याचं टाकलं तर वाचेल कोण?”

“मग माझंही नको. आमचे मामंजी त्या अ‍ॅपशी सकाळपासून झटतायत. तीनदा पासवर्ड बदलला, लागलं काय, तर व्यायामाचं संगीत.”

“सदर जाईल हातचं. बघा बुवा.”

“जाऊ दे. नाव घरी राहील.”

रविवारी पेपरच्या वेबसाइटवर तो लेख आला. वर तिचंच नाव, तिचाच हसरा फोटो. संपादकांना फोन लावावा म्हणून तिने मोबाइल उचलला, तर लेखाखाली पहिली प्रतिक्रिया येऊन पडली होती.



“लेखिका माझी सून आहे. अ‍ॅप तिने माझ्यावर तपासलंय आणि मला त्यात अजून एकही गाणं सापडलेलं नाही. हा लेख तिचा नाही. एवढं टाइप करायला मला पाऊण तास लागला, तेव्हा कृपया पुसू नये.”