आदल्या संध्याकाळचं सूप

मालसूनने शेवाळ भिजत घातलं तेव्हा दोंगुकची बस अजून यायची होती. हात आपोआप गेला, असं म्हणायलाही जागा नव्हती. समुद्रातलं हे वाळवलेलं शेवाळ आधी भिजवावं लागतं, मग चोळून धुवावं लागतं, मग चिरून तिळाच्या तेलावर परतावं लागतं. एवढ्या वेळात माणसाचं मन सहज बदलू शकतं. तिचं बदललं नाही.

वाढदिवसाला हे सूप घरोघर होतं. बाळंतिणीलाही देतात. पण परीक्षेच्या आदल्या दिवशी कोणी त्याचं नावसुद्धा काढत नाही. शेवाळ बुळबुळीत, खाल्लं की पोरगं घसरलंच समजा. त्या दिवशी द्यायची ती चिकट चिक्की, म्हणजे पोरगं पास झालेल्यांच्या यादीला चिकटून राहतं. इथे सांगजूत हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, आणि मालसूनला तर अठ्ठ्याहत्तरावं लागलं होतं.

दोंगुक तिच्या दिवंगत नवऱ्याचा पुतण्या. तिशीला टेकलेला. सेऊलमध्ये पाय पसरता येणार नाहीत अशा खोलीत राहून तो सरकारी कारकुनाची परीक्षा देत होता आणि दर वर्षी नापास होत होता. उद्या सहावी खेप. यंदा त्याने आपलं नाव काकीच्या पत्त्यावर नोंदवून घेतलं होतं, इकडच्या प्रांताची परीक्षा देता यावी म्हणून. तिने का, कशाला, काही विचारलं नव्हतं. पोरगं त्या निमित्ताने मुक्कामाला येईल, एवढंच तिच्या डोक्यात शिरलं.

सोमवारी मृत्युपत्र लिहून देणारे गृहस्थ येणार होते. पर्सिमनच्या फळझाडांची बाग आणि हे घर, काय ती एवढीच इस्टेट. बुसानच्या भाचीने फोनवर सांगून टाकलं होतं की माझ्या नावावर केलीत तर झाडं काढून सोलर पॅनल बसवीन. निदान खरं तरी बोलली. राहता राहिला दोंगुक. पास झाला तर साहेब होऊन कुठल्या तरी कचेरीत बसणार, तो बागेकडे कशाला बघतोय? पण नापास झाला तर जाणार कुठे बिचारा? इथेच येईल. फळं सोलायला, माळा करून वाळत घालायला एक माणूस होईल. संध्याकाळी समोर बसून जेवायला होईल. नवरा गेल्यापासून ती एकटीच जेवत होती. अलीकडे टीव्हीवर बातम्या देणाऱ्या बाईला ती "जेवलीस का गं?" म्हणून विचारायला लागली होती. पोराने घसरावं असं तिला मनापासून वाटत होतं. खोटं कशाला बोला?

तो आला, हातपाय धुऊन जेवायला बसला. वाडग्यात काय आहे ते पाहून त्याचा चमचा जरासा थांबला.

"काकी, आज काय विशेष?"

"माझा वाढदिवस."

तिचा वाढदिवस फळं सोलायच्या दिवसांत यायचा, थंडीच्या तोंडावर. आत्ता झाडांवर सुपारीएवढी हिरवी फळं होती. दोंगुकने खिडकीबाहेर पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं.

"मग शंभरी गाठा," तो म्हणाला आणि खायला लागला.

खाता खाता बोलतही राहिला. तिकडे कागदी पेल्यातला भात उभ्याउभ्या खाऊन जिभेची चवच गेलीय. आई गेल्यापासून हे सूप कोणी करून घातलं नव्हतं, त्याच्या स्वतःच्या वाढदिवसालाही नाही. मालसूनला ते ऐकवेना. विषय बदलायचा म्हणून तिने विचारलं, यंदाही नाही जमलं तर काय ठरवलंयस?

"इंचनला जाईन. तिथे एका गोदामात बोलून ठेवलंय, रात्रपाळीला माणसं हवीच असतात त्यांना."

"इथे नाही येणार?"

"कुठल्या तोंडाने येऊ, काकी? सहादा आपटलेला पोरगा. गावातली माणसं समोर काही बोलणार नाहीत, पण बघतील ना."

तिने भाताचं भांडं त्याच्याकडे सरकवलं. मग म्हणाली, "आणि जमलं तर?"

दोंगुक लाजल्यासारखा हसला. हे पास झाल्यावर सांगायचं त्याने ठरवलं होतं.

"अर्जात मी सांगजू लिहिलंय. जिथला अर्ज, तिथलीच नेमणूक. सकाळी कचेरीत जाईन, संध्याकाळी घरी येईन. मागची खोली द्याल ना मला? भाडं काही देणार नाही हं, पण फळं सोलायच्या दिवसांत रजा काढीन."

मालसूनच्या तोंडचं पाणी पळालं. आधी का नाही बोललास, असं ती कसंबसं म्हणाली.

"दर वर्षी आधी बोलूनच तर बसलो. या खेपेला म्हटलं, तोंड बंद ठेवू." त्याने रिकामा वाडगा पुढे केला. "वाढा अजून थोडं."

मालसूनने पळी उचलली. सुपात न बुडवताच ती परत खाली ठेवली.

"संपलं," ती म्हणाली.

पातेलं दोघांच्या मधोमध होतं, निम्म्याहून जास्त भरलेलं. दोंगुकने त्यात पाहिलं. मग वाडगा खाली ठेवून तो नुसता भात खाऊ लागला.