एक्केचाळीसपैकी चाळीस

चाळीस पेपर बरोबर होते. मृणालने एक्केचाळिसावा पुन्हा वाचला.

गुडगावच्या त्या नव्या शाळेत लैंगिक शिक्षणाचे तास सुरू होऊन वर्ष झालं होतं. मुलींना त्यांचा कितपत उपयोग झाला, हे तपासायला दिल्लीतल्या एका संस्थेने मृणालला पाठवलं होतं. आठवीच्या मुलींनी सकाळीच प्रश्नावली सोडवली होती. प्राचार्य खूश होते. दुसऱ्या शाखेतही हे तास सुरू करायचं त्यांनी ठरवून टाकलं होतं.

तास घेणाऱ्या विजयाताई नागपूरच्या, नवरा मानेसरच्या कारखान्यात. मृणाल पुण्याची आहे हे कळताच त्या मराठीत सुरू झाल्या. पहिल्या तासाला मुली ओढणीत तोंड लपवायच्या, आता सरळ प्रश्न विचारतात, असं कौतुकाने सांगत राहिल्या. पेपर त्यांनीच तपासले होते.

ओळखीच्या माणसाने नको तसा स्पर्श केला तर काय कराल, असा नववा प्रश्न होता. चाळीस जणींनी लिहिलं होतं, 'विश्वासातल्या मोठ्या माणसाला सांगेन.' शिवांगीने लिहिलं होतं, 'सांगितलं होतं.' तिचा अर्धा मार्क कापला होता.

"हा कशाचा कापलात?" मृणालने विचारलं.

"काळ चुकलाय," विजयाताई म्हणाल्या. त्या पेपरकडे बघत नव्हत्या.

मृणालने पेन खाली ठेवलं. शिवांगीने कोणाला सांगितलं ते कळायला हवं, आधी तिच्या घरी विचारू या, असं ती म्हणाली. विजयाताईंनी तो पेपर उलटा करून ठेवला.

"मला सांगितलं होतं," त्या म्हणाल्या. "दिवाळीच्या आधी. काका आहे तिचा, घरातच राहतो. मी म्हटलं, तुझा गैरसमज झाला असेल. मुलींनी सांगायचं, एवढंच मला शिकवलं होतं. ऐकल्यावर काय करायचं, ते कोणी शिकवलंच नाही."

मृणालने शिवांगीला बोलवायला सांगितलं. विजयाताई स्वतःच उठल्या आणि तिला वर्गातून घेऊन आल्या.

मुलगी दारातच थांबली. मृणालने तिला जवळ बसवून घेतलं, आणि तू लिहिलेलं मी वाचलंय, आता हे इथेच थांबणार नाही, असं सावकाश हिंदीत सांगितलं. मग विचारलं, "एकदा सांगून काही झालं नाही, तरी पुन्हा कसं लिहिलंस?"

शिवांगीने विजयाताईंकडे पाहिलं.

"मॅमनीच शिकवलं होतं," ती म्हणाली. "एकाने नाही ऐकलं, तर दुसऱ्याला सांगायचं."