राखणीचा आवाज

"मी नाई आयकत, भाऊ," मैनाबाई म्हणाल्या आणि टेपरेकॉर्डरमध्ये ते वाक्य चढलं.

कुर्बान अलींच्या तोंडचं पाणी पळालं. अमरावतीहून पाहणीला आलेले देवराव साहेब चष्म्यावरून त्यांच्याकडे बघत राहिले. रेडिओवरचा रात्री दहाचा शास्त्रीय संगीताचा कार्यक्रम ठेवायचा की गुंडाळायचा, हे आज ठरायचं होतं. साहेबांची अट साधी होती. नेमाने ऐकणारा एक तरी माणूस दाखवा. आणि कुर्बान अली मोठ्या तोऱ्यात त्यांना चांदूर रेल्वेच्या पलीकडच्या या वावरात घेऊन आले होते.

बावीस वर्षं त्यांनी हा कार्यक्रम अकोल्याहून सांभाळला होता. त्याआधी ते नाटकात होते. आवाज असा की शेवटच्या रांगेतला पेंगणारा माणूस दचकून जागा व्हावा. पण उंची बेताची आणि चेहरा देवानं घाईत उरकलेला. प्रत्येक नाटकात त्यांच्या वाट्याला पहारेकरी यायचा. भाला हातात आणि वाक्य एकच, "कोण आहे रे तिकडे?" त्या एका वाक्याला विटून ते रेडिओत आले. इथे चेहरा कोणी मागत नव्हतं. निवेदन ते जीव ओतून करत, पण आलाप सुरू झाला की ओठ शिवून घेत. घरात कोणी आलापात बोललं तर भरल्या ताटावरून उठत.

मैनाबाईंची पोस्टकार्डं दोन वर्षांपासून येत होती. मजकूर ठरलेला. गाणं चांगलं असते, पण तुमी जरा जास्त बोलत जा. आणि दर कार्तिकात एक वाक्य वाढायचं, आता होळीपर्यंत सुटी घेऊ नका. खेड्यात आपली एक खरी कानसेन आहे, असं कुर्बान अली चारचौघांत सांगायचे. आता त्यांना ते आठवून लाज वाटत होती.

"मग ही पत्रं कोणाची?" त्यांनी विचारलं.

"माहीच. नात लिवते, पौर्णिमा." मैनाबाईंनी हरभऱ्यात उभ्या मचाणाकडे बोट दाखवलं. मचाणाच्या खांबाला पत्र्याचा डबा बांधला होता आणि डब्यात रेडिओ होता. "अंधार पडाच्या आंधी पौर्णिमाच तो चालू करून येते. दहा वाजले का डुकरं उतरतात. अकराले लाईन आली का मोटरीवर मानसं येतात, मंग भेव नाई. मंधातला तो एक घंटा खराब."

देवराव साहेबांना हसू आवरेना. "म्हणजे बाई, रेडिओ डुकरं ऐकतात!"

"गान्याले ते भेत नाई, सायेब. दुसऱ्या टेसनावर निस्ती गानी लावून पायली, अर्धा हरभरा खाऊन गेले. हे भाऊ कसे, चूप रायतात आन एकदम बोलतात. जनावराले वाटते, मानूस जागा हाये."

कुर्बान अलींना वाटलं, जमीन दुभंगावी. बावीस वर्षांच्या साधनेचं हे बुजगावणं झालं होतं.

"तुम्ही स्वतः का नाही बसत मचाणावर?" साहेबांनी हसतच विचारलं.

मैनाबाईंनी पदर सारखा केला. "मालक बसत. कपाशी गेली त्या साली एका सकाळी ते मचानावरून आलेच नाई. गावानं खाली उतरवलं त्यायले. तवापासून माहे पाय तिकडं उचलत नाई." मग त्या कुर्बान अलींकडे वळल्या. "पयली रात होती भाऊ, तेराव्यानंतरची. पोरीनं रेडिओ मचानाले बांधला होता. तुमी बोलले वावरातून, घरापावतर आयकू आलं. वाटलं, राखनीले कोनी तरी हाये. तवा कुठी डोया लागला माहा."

साहेबांनी टेप बंद केली. हसू कधीच मावळलं होतं. "यांना श्रोता म्हणून दाखवता येणार नाही, कुर्बानभाई," ते हळूच म्हणाले. "या महिन्याच्या शेवटी बंद."

सकाळपासून घोकलेलं संगीताच्या थोरवीचं भाषण कुर्बान अलींच्या ओठांवर आलंच नाही.

"हरभरा कवा निंगते, माय?" त्यांनी विचारलं.

"होळीच्या आंधी."

"साहेब, होळीपर्यंत ठेवा. मग खुशाल बंद करा, मी स्वतः सही करतो."

साहेबांनी मचाणाकडे पाहिलं आणि कागदावर लिहिलं, होळीनंतर.

त्या रात्री साडेदहाला आलाप ऐन भरात आला होता. कुर्बान अलींनी माइक सुरू केला, छाती भरून श्वास घेतला आणि दरडावून विचारलं, "कोण आहे रे तिकडे?"