बेलचं सर्किट

दाराची बेल बंद पडली म्हणून तयार बेल विकत आणण्याइतके निवृत्त इंजिनिअर अच्युतराव अजून घसरले नव्हते. बेलचं सर्किट घरीच कोरायला त्यांनी स्वस्तातलं मिलिंग मशीन मागवलं.

आठवड्यात सहा बोर्डांचं मातेरं झालं. एका टोकाला कटर बोर्डावरच्या तांब्याच्या थराला शिवायचा नाही, दुसऱ्या टोकाला बोर्ड फोडून टेबलात घुसायचा.

“अहो, मशीन परत करायचा आज शेवटचा दिवस,” बायकोने आठवण करून दिली.

“मशीन उत्तम आहे, आपलं टेबलच वाकडं,” म्हणत अच्युतरावांनी अखेर खोकं बांधलं आणि ते न्यायला येणाऱ्या माणसाची वाट बघत बसले.

संध्याकाळी मोबाइलवर मेसेज आला: ‘आमच्या माणसाने दहा मिनिटं बेल वाजवली. कोणी दार उघडलं नाही. परतीची मुदत संपली.’

बायकोने खोकं सोडायला कात्री आणून दिली.